संशोधनाचे अर्धेच ऐकून भागणार नाही



लागणीचे दिवस जवळ आले की गट ऑफिसच्या पायरीवर एकच चर्चा सुरू होते. "औंदा नवं बेणं कुठलं आलंय?" कोणी पाडेगावचे नाव घेतो, कोणी मांजरीचे, कोणी कोइमतूरचे. नव्या जातीचा प्लॉट ज्याच्या शिवारात उभा असेल, त्याच्या बांधावर माणसे जाऊन पेरी मोजून येतात, जाडी चिमटीत धरून बघतात आणि बेण्यासाठी आधीपासून नंबर लावतात. ही उत्सुकता चांगलीच आहे. तिच्यामुळेच आपला ऊस इथवर आला.

पण त्याच पाडेगावने आणि त्याच मांजरीने पाणी मोजून द्या, माती तपासा, पाचट जाळू नका असे सांगितले की सूर बदलतो. "ही पुस्तकातली शेती हाय. सायबाला काय जातंय सांगायला?" म्हणजे बेणे देणारा शास्त्रज्ञ खरा आणि पाण्याबद्दल बोलणारा तोच शास्त्रज्ञ खोटा! असे कसे चालेल? टनेज वाढवणारे तेवढे ऐकायचे आणि बाकीचे कानाआड टाकायचे, या सवयीची किंमत आता जमिनीतून वसूल होऊ लागली आहे. म्हणून आम्ही आज या विषयावर जरा स्पष्ट लिहीत आहोत.

आपला ऊस आणि आपला कारखाना, दोन्ही संशोधनाची लेकरे

कोइमतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ साली सुरू झाले. तिथे डॉ. बार्बर आणि त्यांचे सहकारी वेंकटरामन यांनी जाड, गोड पण नाजूक उसाचा संकर चिवट रानऊसाशी घडवून आणला. त्यातून को २०५ ही जात १९१८ साली शेतकऱ्यांच्या हाती आली. 'को' ही अक्षरे आपण रोज उच्चारतो, ती कोइमतूरचीच. पाडेगावचे संशोधन केंद्र १९३२ सालचे. आपल्या वाडवडिलांनी को ४१९ आणि को ७४० या जातींवर घरे बांधली, मुलींची लग्ने केली. पुढे को ८६०३२ आली, २००७ च्या सुमारास फुले २६५ आली. या प्रत्येक नावामागे हजारो रोपे लावून, त्यांतली बहुतेक उपटून टाकून, वर्षानुवर्षे उतारा मोजत बसलेली माणसे आहेत. एक जात बाहेर पडायला दहा-बारा वर्षे सहज जातात.

सहकारी कारखानदारीचेही तसेच. प्रवरेच्या पहिल्या सहकारी कारखान्याची आठवण निघाली की विठ्ठलराव विखे पाटलांचे नाव येते आणि ते यायलाच हवे. पण त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रमुख. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे शेतकऱ्याच्या संसारात काय बदल झाला, याची गावोगावची पाहणी त्यांच्या संस्थेने केली होती आणि तो ग्रंथ १९४८ साली प्रसिद्धही झाला. पाहणी करणारा अभ्यासक पुढे शेतकऱ्यांच्या कारखान्याचा अध्यक्ष होतो, ही साधी गोष्ट नव्हे. कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. त्याचा पाया जसा शेतकऱ्यांच्या शेअरच्या पैशावर होता, तसाच तो अभ्यासावरही होता.

आणि मांजरीची संस्था तर आपल्याच मालकीची. १९७५ साली सहकारी कारखान्यांनी ती उभी केली. आज ती वसंतदादांच्या नावाने ओळखली जाते. गाळपाच्या टनामागे कारखान्यांची वर्गणी तिच्याकडे जाते. म्हणजे संशोधनाचे पैसे आपल्याच उसातून भरले जातात. पैसे भरायचे आणि निम्मा माल तिथेच सोडून यायचे, असा व्यवहार कोणता शहाणा शेतकरी करील?

मिठाचा हिशोब

आता जमिनीचे बघू. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. जेमतेम पंचवीस वर्षे झाली आणि १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर अहवाल लिहिला. म्हणजे पाणी मुबलक आणि निचरा नाही अशा काळ्या रानात मीठ वर येते, ही गोष्ट शास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. तरी कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि नीरा यांच्या काठाला आजही दर पावसाळ्यानंतर कुठे ना कुठे नवा पांढरा पट्टा दिसतो.

हे मीठ येते कुठून? प्रत्येकाने पाटीवर करावा असा साधा हिशोब आहे. उसाला वर्षभरात अडीच मीटर उंचीचे पाणी दिले, तर एकरी साधारण एक कोटी लिटर पाणी होते. विहिरीच्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असले, तर ते पाणी प्यायला काही वाईट लागत नाही. पण कोटी लिटरला अर्धा ग्रॅम म्हणजे पाच टन क्षार झाले. पन्नास किलोची शंभर पोती! ऊस पाणी पितो, ऊन पाणी पिते, क्षार मात्र कोणी पीत नाही. निचरा चांगला असेल तर पावसाने ते धुऊन खाली आणि नाल्यावाटे बाहेर जातात. नाले बुजले, ओढे बांधात घेतले, पाटाचे पाणी रात्रभर सोडून दिले, की भूजल वर चढते. ते जमिनीच्या पाच-सहा फुटांच्या आत आले की दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे मातीतून वर चढते. पाणी उडून जाते, मीठ वर राहते.

ऊस मीठ किती सोसतो, हेही मोजलेले आहे. भिजवलेल्या मातीच्या अर्काची क्षारता, म्हणजे ई.सी., १.७ च्या पुढे गेली की दर एका अंकाला उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटते. क्षारता ५ झाली म्हणजे पाचवा हिस्सा गेला. एकरी पन्नास टन काढणाऱ्याचे दहा टन गेले, आणि रानात पांढरे अजून दिसतही नसते! शेतकरी म्हणतो बेणे बिघडले, खत भेसळीचे निघाले, चिटबॉयने तोड उशिरा दिली. माती तपासायला मात्र कोणी जात नाही. तपासणीला गेलात तर एक ध्यानात ठेवा. प्रयोगशाळेत माती अडीचपट पाण्यात कालवून मोजली तर आकडा कमी दिसतो. म्हणून कोणत्या पद्धतीने मोजले हे विचारून घ्यावे आणि मगच समाधान मानावे.

उपायही सांगितलेला आहे. खारवट आणि चोपण या दोन वेगळ्या जमिनी आहेत. चोपण रानाला जिप्सम लागते. नुसत्या खारवट रानात जिप्सम टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. दोन्हीकडे निचरा आधी हवा. जमिनीखाली मीटर-दीड मीटर खोल छिद्रांचे पाइप घालून पाणी ओढ्याला काढायचे, ही पद्धत कर्नालच्या क्षार संशोधन संस्थेने आणि आपल्याकडे कसबे डिग्रजच्या केंद्राने दाखवून दिली. शिरोळ तालुक्यात तर तिथल्या सहकारी कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पड पडलेली राने पुन्हा पिकाखाली आणली. गोम एवढीच, की ही गोष्ट एकट्याने होत नाही. माझ्या रानातले पाणी तुमच्या रानातून गेल्याशिवाय ओढ्याला पोचत नाही. बांधावरून भांडणाऱ्या भावकीने एक पाइप एकत्र घालायचा, हे खरे अवघड काम आहे. अशाच कामासाठी तर सहकार असतो!

पाणी आणि युरिया

पाण्यावरून उसाला बोल लावला की आपल्याला राग येतो. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात म्हटले होते की, महाराष्ट्रात चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो. या आकड्यावर वाद घालायचा तर खुशाल घालावा. पण वाद घालायला आपल्याजवळ आपला आकडा पाहिजे. आपल्या किती सभासदांच्या मोटारीला पाणी मोजायचे मीटर आहे? सत्तर टक्के खोटे म्हणायचे आणि खरे किती ते सांगता येत नाही, ही लंगडी बाजू आहे. ठिबकाने पाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास बचत होते हे प्रयोगांनी दाखवले आहे. दुष्काळी पट्ट्यातला नातेवाईक टँकरची वाट बघत असताना आपले रान तुंबलेले असणे शोभत नाही, हेही सांगितले पाहिजे.

युरियाचेही तसेच. अडसाली उसाला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. को ८६०३२ ला पाऊणपट नव्हे, सव्वापट द्यावे असेही विद्यापीठच सांगते. म्हणजे एकरी १६० किलो धरले, तर सगळे नत्र युरियातूनच दिले तरी ४५ किलोची आठ पोती होतात. त्यात डी.ए.पी. आणि मिश्रखतातले नत्र वजा करायला हवे. ही वजाबाकी कितीजण करतात? शिवाय शिफारस चार हप्त्यांची आहे आणि मोठ्या बांधणीनंतर नत्र देऊ नये असे ती सांगते. उशिरा टाकलेल्या युरियाने ऊस हिरवागार दिसतो, लोळतो, पाणकोंब धरतो, आणि साखर मात्र भरत नाही. इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपला एफ.आर.पी. कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. तेव्हा एकाच्या जादा युरियाचा भुर्दंड सगळ्या सभासदांच्या दरावर बसतो. "माझं रान, माझं खत" असे म्हणायची सोय इथे नाही.

आणि उसाने न घेतलेले नत्र जाते कुठे? पाण्याबरोबर झिरपून विहिरीत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या पुढे असू नये, असे आपले मानक आहे. बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला असे पाणी बाधते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होऊन अंग निळसर पडते. मळ्यातल्या वस्तीवरचे पाणी वर्षातून एकदा तपासायला फार खर्च येत नाही.

पाचट जाळताना

तोड झाली की संध्याकाळी शिवारात धूर दिसतोच. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. त्यात शेकडा अर्धा किलोच्या आसपास नत्र धरले, तर चाळीस-पन्नास किलो नत्र आपण काडी लावून उडवतो आणि दुसऱ्या दिवशी युरियाच्या रांगेत उभे राहतो! पाचट सरीत दाबून त्यावर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत, ही शिफारस जुनीच आहे. खोडव्याला ओल टिकते, तण दबते, सेंद्रिय कर्ब वाढतो. "उंदीर होत्यात, पाणी पुढं सरत नाही" ही तक्रार आम्ही ऐकली आहे आणि ती खोटी नाही. पण त्यावर कुट्टी यंत्र आहे, एकाआड एक सरीत पाचट दाबायची रीत आहे. अडचणीवर उपाय शोधायचा असतो, त्यासाठी रान पेटवायचे नसते.

कोयत्यावरची माणसे

आता शेवटचा आणि आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर या देशातील डॉक्टरांनी २००२ साली एक गोष्ट जगापुढे मांडली. शेतावर राबणारे तरुण, ज्यांना ना मधुमेह ना रक्तदाब, मूत्रपिंड निकामी होऊन दवाखान्यात येत होते. पुढे निकाराग्वा आणि शेजारच्या देशांतही ऊसतोडणी करणाऱ्यांत हेच आढळले. कारणांचा शोध अजून चालू आहे, पण रणरणत्या उन्हातले अतिश्रम आणि अंगातले पाणी आटणे हे त्यात मुख्य मानले जाते. तिथे सावली, थंड पाणी आणि ठरलेली विश्रांती देऊन पाहिली. एल साल्वाडोरच्या प्रयोगात विश्रांती देऊनही तोड कमी झाली नाही, उलट वाढली.

आपल्याकडे काय? शासनाने नेमलेल्या समितीने २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहा बायांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. अशी वेळ का येते हे कोयत्यावरची कोणतीही बाई सांगेल. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलायची, खाडा पडला तर मुकादम उचलीतून कापतो, फडात ना आडोसा ना स्वच्छ पाणी. या बाया आपल्याच फडात असतात. आपला ऊस त्यांच्या डोक्यावरून ट्रॉलीत चढतो. हा मुकादमाचा प्रश्न आहे, कारखान्याचा आहे, सरकारचा आहे असे म्हणून सभासदाला मोकळे होता येणार नाही. बेण्याच्या संशोधनापेक्षा या संशोधनाने आपली झोप अधिक उडायला हवी.

शास्त्रज्ञांनाही चार शब्द

एवढे झाल्यावर संशोधकांनाही सांगणे आले. त्यांचे निबंध इंग्रजीत निघतात आणि कपाटात जातात. संशोधन केंद्राच्या वाफ्यात एकरी शंभर टन निघतात तेव्हा तिथे वीज दिवसा असते, मजूर पगारी असतो आणि पाणी हुकमी असते. आपल्या सभासदाची मोटार रात्री चालते. साप-किरडू असलेल्या अंधारात तो दर तासाला बारे बदलायला जाणार नाही. म्हणून तो पाणी सोडून झोपतो. यात आळसापेक्षा विजेच्या वेळापत्रकाचा दोष मोठा आहे आणि तो धरूनच शिफारस केली पाहिजे. ठिबक सांगताना कर्जाचा हप्ता आणि नळी बदलण्याचा खर्चही सांगावा. बारामतीला २०२४ पासून उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालू आहेत. त्यांचे स्वागतच आहे. पण मोबाइलवर "आज पाणी देऊ नका" असा निरोप आला आणि पाळी चुकली तर पुढची एकवीस दिवसांनी येणार असेल, तर शेतकरी पाणी घेणारच. कालव्याचे वेळापत्रक सुधारल्याशिवाय यंत्र एकटे काय करणार?

सभेपुढे काय ठेवावे

आमचे म्हणणे असे, की येत्या वार्षिक सभेत भाषणे आणि हार-तुरे आवरते घेऊन पुढील गोष्टींवर चर्चा व्हावी आणि जमल्यास ठराव व्हावेत.

पहिली, दर गटातील माती आणि विहिरीचे पाणी तीन वर्षांतून एकदा तपासावे आणि गावनिहाय आकडे चावडीवर लावावेत. दुसरी, जिथे क्षारता वाढते आहे तिथे शिवारवार निचरा योजना करावी. खर्च सभासदांच्या संमतीने ऊसबिलातून हप्त्याने घ्यावा. तिसरी, पाचट कुट्टीची यंत्रे गट ऑफिसमार्फत माफक भाड्याने मिळावीत. चौथी, फडावर सावली, पिण्याचे पाणी आणि बायांसाठी आडोसा असल्याशिवाय टोळी लावू नये, हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी तोडणी कामगारांची तपासणी व्हावी, आणि आजारपणाचा खाडा कापू नये असे मुकादमाच्या करारातच लिहावे. पाचवी, संशोधन केंद्राच्या एका तरी माणसाने सभेला येऊन तासभर मराठीत प्रश्नांची उत्तरे द्यावीत, खर्चाच्या हिशोबासकट.

"पैसा कुठून आणायचा?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण पड पडलेल्या एका एकराचे दहा वर्षांचे नुकसान मांडून पाहा, मग निचऱ्याचा हप्ता जड वाटणार नाही. आणि कामगाराला पाणी-सावली द्यायला लागणारा पैसा मोजायचाच असेल, तर तो त्याच्या फडात दुपारी दोन वाजता उभे राहून मोजावा.

नवे बेणे जरूर आणा. पण ज्या मातीत ते लावायचे ती, ज्या पाण्यावर वाढवायचे ते, आणि जे हात ते तोडणार आहेत ते, यांच्याबद्दल शास्त्र जे सांगते तेही त्याच आवडीने ऐका. सभेला या, प्रश्न विचारा. गप्प बसून मान डोलावू नका.